ढोमाचे मागचे पाय

‘काजवेगड’चा तिसरा भाग येणार, ही बातमी मला पायलने दिली. पायल बिबवेवाडीला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, वय वर्षे आठ. जिन्यात मला अडवून ती म्हणाली, “आजोबा, पार्ट थ्री येतोय! पण राजपुत्राला मिशा आल्यात आणि चेटकीण अकरावीत गेलीय. सगळे म्हणतायत, आता मजा नाही येणार.”

“आणि ढोमा?” मी अगदी सहज विचारल्यासारखं केलं.

“ढोमाला काय होतंय? तो प्राणी आहे. शिवाय तो कॉम्प्युटरवर केलाय. बाबा म्हणाले.”

पायलचे बाबा आयटीत आहेत. जगात जे जे धड चालतं ते कॉम्प्युटरवर केलेलं असतं, असा त्यांचा समज आहे. मी दातओठ खात भाजीची पिशवी घेऊन वर आलो. बोलणार काय? निर्मात्याने आमच्याकडून लिहून घेतलं आहे की मुलांना काही कळू द्यायचं नाही. पण तुम्ही लहान नाही, म्हणून सांगतो. ढोमा म्हणजे रंगराव आणि मी. रंगराव पुढचे पाय, मी मागचे.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी: काजवेगडचा राजपुत्र संकटात सापडला की जंगलातून ढोमा येतो. थोडा रेडा, थोडं अस्वल, अंगावर हिरवट केसांचा ढीग, आणि डोळे असे की पाहणाऱ्याला आपल्या सगळ्या चुका माफ झाल्यासारखं वाटावं. राजपुत्र त्याच्या पाठीवर बसतो आणि ढोमा त्याला गडावर नेतो. पहिल्या भागाच्या वेळी थिएटरात मुलं उभी राहून ओरडली होती. मोठी माणसं डोळे पुसत होती. ढोमाचे डोळे किती बोलके, असं सगळे म्हणत होते. डोळे रंगराव हलवतात. मागे कोण आहे, असा प्रश्न आजवर एकालाही पडलेला नाही. श्रेयनामावलीतसुद्धा ‘ढोमा: रंगराव आणि सहकारी’ असं आहे. तो सहकारी मी. माझं नाव बद्रीनाथ. बायकोचं द्वारका. आमची लग्नपत्रिका बऱ्याच लोकांना यात्रा कंपनीची जाहिरात वाटली होती, पण तो विषय वेगळा.

रंगराव कसबा पेठेतले बुरूड. सुपं, टोपल्या, रुखवताच्या करंड्या हा त्यांचा पिढीजात धंदा. मी बसडेपोत फिटर. बालनाट्याच्या हौसेपायी आम्ही पंचवीस वर्षं एकत्र हत्ती झालो, घोडा झालो, एकदा तर कामधेनूही झालो. नीरजाने ते पाहिलं होतं, लहानपणी, पहिल्या रांगेत बसून. पुढे ती दिग्दर्शक झाली तेव्हा तिने आम्हाला शोधून काढलं. ढोमाचा सांगाडा रंगरावांनीच विणला. वेताची आणि बांबूच्या कामट्यांची एवढी मोठी टोपली, तीवर हिरव्या रंगात बुडवलेला काथ्या. पुढचा माणूस आत उभा राहतो आणि डोकं सांभाळतो. मागचा कमरेत वाकतो, पुढच्याच्या पट्ट्याला धरतो आणि पाठ देतो. राजपुत्र बसतो तो त्या पाठीवर. म्हणजे माझ्या. दोन अख्खे चित्रपट केले, पण मला त्यात दिसलं ते फक्त रंगरावांचं कंबरडं आणि जमीन.

आता हिशेब वजनाचा. पहिल्या भागात राजपुत्र झालेला अभिनव आठ वर्षांचा होता आणि घरच्या भरलेल्या सिलिंडरपेक्षा हलका. मी त्याला घेऊन दिवसभर फिरलो असतो. दुसऱ्या भागात तो अकराचा झाला आणि बरोबर एक सिलिंडर आणि वर एक कलिंगड. मग पैशाचं अडलं, मग आणखी कशाचं तरी अडलं, आणि मधली पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत सारा महाराष्ट्र अभिनवच्या मिशीकडे आणि आवाजाकडे लक्ष ठेवून होता. मी एकटा त्याच्या वजनाची काळजी करत होतो. मी आता एकसष्ट आहे आणि माझा उजवा गुडघा माझ्याही पुढचा.

बातमी कळल्यावर आठवड्याभरात नीरजाचा फोन आला. ती आडून बोलत नाही. “बद्रीकाका, निर्माते म्हणतायत या वेळी ढोमा संगणकावर करू. तो धावेल, पोहेल, जमलं तर उडेलसुद्धा. मी म्हटलं, आधी आपला बघू. वीस तारखेला कोथरूडला हॉल घेतलाय. अभिनवला पाठीवर घेऊन पंधरा पावलं. जमलं तर ढोमा तुमचा. नाही जमलं तर मला त्यांच्याशी भांडायला तोंड राहणार नाही.”

“पंधराच?” मी म्हणालो. “पन्नास टाकू.”

फोन ठेवला आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकवावे लागले.

सरळ सांगतो, मला ढोमा सोडायचा नव्हता. डेपोतून निवृत्त झालो त्या दिवशी मला नारळ आणि शाल मिळाली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या जागी नवा माणूस आला. तिसऱ्या दिवशी काही कामासाठी गेलो तर त्याने मला विचारलं, “कोण पाहिजे?” ढोमाच्या आत मला असं कुणी विचारलेलं नाही. तिथे मी नसलो तर राजपुत्र गडावर पोचतच नाही. एवढी गरज माझी दुसरीकडे कुठे उरलेली नाही, घरी आहे ती गॅस बुक करण्यापुरती.

दुसऱ्या दिवशी कसबा पेठेत रंगरावांच्या दुकानामागच्या अंगणात तालीम ठेवली. बरोबर द्वारका आली होती, डबा घेऊन. ढोमाची टोपली माळ्यावरून काढली, झाडली, आत दोन झुरळं होती ती बाहेर काढली.

“वजन काय ठेवायचं?” रंगराव म्हणाले. “पोरगं आता साठाच्या वर असणार.”

“मी बसते,” द्वारका म्हणाली आणि पदर खोचला.

“तुमचं वजन किती, वहिनी?” रंगरावांनी विचारलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, दोन सुना घरात, तरी हे विचारतो.

“साठ नाही,” द्वारका म्हणाली. कोणत्या बाजूला नाही, ते तिने सांगितलं नाही.

ती बसली. मी पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला गुडघ्यात कळ आली आणि मी फरशीवर बसलो. माझ्यावर द्वारका, आणि आम्हा दोघांवर पट्ट्याने ओढले गेलेले रंगराव. रचलेल्या सुपांची एक चळत गडगडत गेली.

आता माझी पंचाईत बघा. गुडघा गेला म्हणावं तर ढोमा गेला. वजन फार झालं म्हणावं तर संसार. मी म्हणालो, “पाय घसरला.”

“माझं वजन नाही ना?” द्वारकाने विचारलं.

“छे! तू बसलीस हे मला कळलंसुद्धा नाही.”

“मग पडलात कशाने?”

रंगरावांनी सुपं गोळा करायला घेतली. त्यांना सगळं कळलं होतं. चाळीस वर्षं कामटीला हात लावून ती कुठे मोडणार ते सांगणारा माणूस, त्यांना माझा गुडघा कळणार नाही? पण ते एवढंच म्हणाले, “बद्री, आपण पोराला हलकं करू.”

म्हणून आम्ही दोघं रविवारी सकाळी कोथरूडला अभिनवच्या घरी गेलो. दार त्याच्या आईने, नम्रताने उघडलं. तिला वाटलं आम्ही अभिनंदन करायला आलो. रंगरावांच्या पिशवीत वजनकाटा आहे, हे तिला काय माहीत!

अभिनव जिममधून नुकताच आला होता. आत आला तेव्हा दार भरलं. मिशी होती, ती ठीक आहे, ती काढता येते. पण खांदे? दंड? मला एकदम सगळे सिलिंडर डोळ्यांसमोर आले. त्याने वाकून आम्हा दोघांना नमस्कार केला आणि टेबलावरची सहा उकडलेली अंडी एकामागून एक तोंडात टाकायला सुरुवात केली.

“एवढी?” मी म्हणालो.

“प्रोटीन, काका. पार्ट थ्रीमध्ये ॲक्शन आहे. बॉडी दिसायला हवी.”

“राजपुत्र सडपातळ असतात,” रंगराव म्हणाले. “इतिहास काढून बघ.”

मग त्यांनी काटा जमिनीवर ठेवला आणि गोड आवाजात त्याला वर उभं राहायला सांगितलं. काट्याने त्रेसष्ट दाखवले. रंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“वीस तारखेपर्यंत दहा किलो उतरेल का रे?” मी विचारलं.

हे नम्रताने स्वयंपाकघरातून ऐकलं. पातेलं हातात घेऊनच ती बाहेर आली. “काका, वाढत्या वयाचं मूल आहे. डॉक्टर म्हणतात वजन अगदी बरोबर आहे. तुम्हाला तो जाड वाटतो का?”

“जाड नाही हो, भरदार.”

“मग दहा किलो कुठून काढायचे? पाय कापू?”

आणि आम्हाला लाज वाटावी म्हणून की काय, तिने अभिनवच्या पानात साबुदाण्याच्या खिचडीचा डोंगर केला, वर तूप सोडलं. मी ते तूप पाठीवर पडल्यासारखं पाहत राहिलो. अभिनव खात होता, पण त्याचं लक्ष माझ्या हाताकडे होतं. हात नकळत गुडघा चोळत होता. मी तो पटकन खिशात घातला.

“काका, त्रास आहे का?” त्याने विचारलं.

“कसला त्रास? मुंग्या आल्या. तू खा. नाही, म्हणजे खाऊ नकोस.”

वीस तारखेला कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात आम्ही जमलो. लग्नाचे मुहूर्त नव्हते म्हणून हॉल रिकामा होता. भिंतीवर ‘अक्षता जपून टाका, वाया घालवू नका’ अशी पाटी होती. नीरजा कॅमेऱ्याजवळ उभी होती. बाजूला टेबलावर मुंबईहून आलेला संगणकवाला लॅपटॉप उघडून बसला होता आणि त्याच्या पडद्यावर त्याचा ढोमा धावत होता. चांगला धावत होता, खोटं कशाला बोलू? केसन् केस हलत होता. पण डोळे बँकेतल्या कॅशियरसारखे होते, आणि मला तेवढ्यानेच जरा बरं वाटलं.

द्वारकाने सकाळीच माझ्या गुडघ्याला तेल लावून पट्टी बांधली होती. बांधताना म्हणाली, “अहो, नाही जमलं तर नाही जमलं.”

“जमेल.”

“मला माहितीये तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी खोटं बोललात.”

“मी माझ्यासाठी बोललो,” मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

आम्ही ढोमात शिरलो. आत तोच काथ्याचा वास, तोच काळोख, तेच रंगरावांचं कंबरडं. मी वाकलो, त्यांचा पट्टा धरला. “बद्री, नको वाटलं तर पट्टा दोनदा ओढ,” ते पुटपुटले. “मी पडल्याचं सोंग करतो. माझ्यावर जाऊ दे.”

मी पट्टा आणखी घट्ट धरला.

“अभिनव, बस!” नीरजा म्हणाली.

मी डोळे मिटले आणि कंबर घट्ट केली. पाठीवर काहीतरी टेकलं. मी वाट पाहिली. पण त्रेसष्ट काही येईनात. आले ते फार तर दहाबारा किलो.

“ॲक्शन!”

एक. दोन. तीन. गुडघा कुरकुरला, पण धरला. चार, पाच, सहा. मला वाटलं, पोराने खरंच वजन उतरवलं! मग वाटलं, नाही, तेल लागू पडलं. आठव्या पावलाला तर अशी खात्रीच पटली की माझ्यात मुळात काही बिघाड नव्हताच, उगाच मनात घेतलं होतं. संगणकवाल्याला आता काय उत्तर द्यायचं ते मी जुळवायला लागलो. बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

नवव्या पावलाला मी खाली पाहिलं. समोर रंगरावांचे अनवाणी पाय. मागे माझे. आणि माझ्या पायांच्या दोन्ही बाजूंना, काथ्याच्या झिरमिळ्यांतून, दोन मोठाले पांढरे बूट. ते चवड्यांवर, आवाज न करता, आमच्याबरोबर चालत होते.

मी उंचीने बेताचा. त्यात वाकलेला. आणि पोरगं सहा फुटाला दोन बोटं कमी. तो पाठीवर बसलाच नव्हता. नुसता टेकला होता आणि आपल्या पायांनी चालला होता.

माझं डोकं फिरलं. मी थांबलो. रंगरावांच्या पट्ट्याला हिसका बसला आणि तेही थांबले.

“अभिनव,” मी म्हणालो, “पाय वर घे.”

बाहेरच्या टाळ्या थांबल्या. दोन चित्रपटांत ढोमाचा मागचा भाग कधी बोलला नव्हता.

“काका, चला ना,” वरून दबक्या आवाजात आलं. “नऊ झाली. सहाच राहिलीत.”

“पाय वर घे म्हणतो ना! कुणाच्या मेहेरबानीवर ढोमा चालत नाही.”

“काका, पडाल.”

“पडलो तर पडलो. बस नीट.”

मग ते दोन पांढरे बूट जमिनीवरून उठले.

त्रेसष्ट किलो म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. मी दहावं पाऊल टाकलं. अकरावं टाकलं. बारावं टाकायला पाय उचलला आणि दुसऱ्या गुडघ्याने हात टेकले. मी सावकाश, अगदी मानाने, फरशीवर बसलो. अभिनव बाजूला उतरला. पुढे रंगराव पट्टा ताणून उभेच राहिले, त्यामुळे ढोमा डोकं वर करून बूड टेकलेल्या कुत्र्यासारखा दिसत असणार.

सगळे धावले ते डोक्याकडे. “रंगरावकाका, लागलं का? पाणी आणा! पंखा लावा!” मी आत अंधारात बसून ते ऐकत होतो. मला वाटलं, संपलं. उद्यापासून तो लॅपटॉपवरचा ढोमा धावेल आणि मी भाजी आणीन.

तेवढ्यात मागची झूल वर झाली आणि उजेड आला. अभिनव गुडघ्यांवर बसून, डोकं खाली करून आत बघत होता.

“काका, कुठे लागलं?”

“लागलं नाही. तू मला फसवलंस.”

“नाही फसवलं.”

“मग काय केलंस? मी उचलतोय असं मला वाटत होतं. आठ पावलं मी स्वतःला पैलवान समजत होतो. हसू आलं असेल तुला वर!”

“काका, गेल्या दोन वेळा मी का बसलो तुमच्या पाठीवर?” त्याचा आवाज आता घोगरा झालाय, पण घाबरला की अजून मध्येच चिरकतो, तसा चिरकला. “माझे पाय पोचत नव्हते म्हणून. आता पोचतात. मग मी चालू नको?”

मी त्याच्याकडे पाहिलं. मिशीखालचे ओठ अजून आठ वर्षांच्या पोराचेच होते.

नीरजा कधी मागे येऊन उभी राहिली होती, कळलं नाही. तिने सगळं ऐकलं असावं. संगणकवाला तिच्या मागून म्हणाला, “मॅडम, ते जास्तीचे दोन पाय मी पुसून टाकू शकतो. किंवा मग पूर्णच माझा घेऊ.”

“थांबा जरा,” ती म्हणाली. मग वाकून मला म्हणाली, “बद्रीकाका, नुसतं चालता येईल? पाठीवर कुणी नाही.”

“नुसतं मी तुला सिंहगडापर्यंत चालून दाखवतो.”

“सिंहगड नको. अभिनव, तू शेजारून चाल. सोळा वर्षांचा राजपुत्र, तो अजून पाठीवर बसून काय करणार आहे? आणि ढोमासुद्धा म्हातारा झाला असेल की. इतकी वर्षं आपण कुणी त्याचं वय विचारलंच नाही.”

अभिनवने हात दिला, मी उठलो. झूल खाली पडली आणि परत काळोख झाला. रंगराव पुढून म्हणाले, “आहेस ना रे?”

“आहे.”

“ॲक्शन!”

आम्ही निघालो. हळू निघालो, पण निघालो. पाचव्या का सहाव्या पावलाला माझ्या पाठीवर हात आला. ढोमाच्या मानेवर नाही, डोक्यावर नाही, जिथे सगळे हात ठेवतात तिथे कुठेच नाही. काथ्या आणि कामट्यांवरून चाचपत तो बरोबर माझ्या दोन खांद्यांच्या मधोमध आला आणि तिथेच राहिला. जड नव्हता. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, कारण तिथे कुणी बघत नाही.

नीरजाने पंधराव्या पावलाला “थांबा” म्हटलं होतं, असं रंगराव मागाहून सांगत होते. मला आतून काही ऐकू आलं नाही. अभिनवला ऐकू आलं असणार, पण तो थांबला नाही.